थोरल्या कुंडाचा धोंडा आणि बकेटीचे आकडे

श्रीकुलस्वामी समर्थ असो. ऐकणाऱ्याचे कान शाबूत राहोत, सांगणाऱ्याची जीभ न अडखळो, आणि लोखंडाचा सांधा ऐन वेळी न सुटो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीचे दिवशी राजधानीत मोठे अरिष्ट उद्भवले, त्याची हकीकत ऐसी जे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य लहान आणि नाक मोठे, आणि मोठ्या नाकास शिंक लवकर येते. त्या राज्यात पिण्याचे पाणी एकाच ठिकाणचे, ते थोरले कुंड, दीड पुरुष खोल, तळाशी जिवंत झरा. पंचमीस सकाळी कुंडाच्या काठचा एक घडीव धोंडा, वजने पंधरा मणांचा, जागचा सुटोन खाली गेला, तो इकडे नाही आणि तिकडे नाही, नेमका झऱ्याच्या तोंडावर जाऊन बसला, आणि लोक उपसता उपसता दोन प्रहरपर्यंत कुंडाचे पाणी घोट्याखाली आले. सुरुंग लावावा तर झराच बुजावयाचा, घण घालावा तर धोंडा चिखलात आणखी रुतावयाचा, म्हणोन धोंडा सबंध उचलावा ऐसे ठरले. राज्याचे पदरी ट्रॅक्टर एकच, त्यास पुढे लोडर, लोडरास माती उचलावयाची बकेट, आणि त्याचे सारथ्य सटवाजी ढमाले यांजकडे. सटवाजी पन्नाशीचे, बोलणे थोडे, राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांचे धाकटे बंधू रायाबा, कुंडात उतरोन गाळ काढणे हे त्यांचे काम. आई-बाप लवकर गेल्यामुळे सटवाजींनी त्यांस पाठुंगळी घेऊन वाढविले होते, आणि बंधू तिशीचे जाहले तरी जेवले की नाही हे विचारल्याखेरीज सटवाजी स्वतः ताटावर बसत नसत.

मग धोंड्यास साखळी घातली आणि बकेटीस साखळी बांधावयास कोठे जागा नाही, म्हणोन दरसालच्या रिवाजाप्रमाणे ती बकेटीच्या दातांस गुंडाळली, आणि रायाबा पहार घेऊन खाली राहिले, कारण धोंडा चिखलातून सुटताना भिंतीस अडकू नये म्हणोन कोणीतरी तो पहारीने ढकलावा लागतो. सटवाजींनी धोंडा दोन हात उचलला तोच साखळी दातांवरून साबणासारखी घसरली, आणि धोंडा परत खाली गेला, तो रायाबांच्या खांद्यापासून वीतभर अंतराने. रायाबा चिखलाने माखून वर आले आणि हसत होते. सटवाजी हसले नाहीत. ते ट्रॅक्टरावरून उतरले, जमिनीवर बसले, आणि मग उठोन म्हणाले की आता बकेटीस साखळीचे पक्के आकडे लागल्याशिवाय माझा भाऊ खाली उतरणार नाही आणि मी लिव्हरला हात लावणार नाही. तेव्हा काठावर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्या घागरी रिकाम्याच होत्या.

षष्ठीस सटवाजी दरबारी हजर जाहले. महाराज स्वभावाने चांगले, परंतु सकाळचे ऐकलेले दुपारी विसरत आणि दुपारचे ऐकतच नसत. सारा भार कारभारी त्रिंबकपंतांवर, आणि पंतांची ख्याती ऐसी की साध्या कामास वळण लावावयास सांगितले तर ते त्यास गाठ मारोन देत. सटवाजींनी बकेटीचे चित्र कोळशाने फरशीवर काढिले आणि अर्ज केला. "सरकार, दोनच आकडे पाहिजेत. बकेटीच्या वरच्या कडेला, दोन टोकांना, खाली जाड पट्टी घालून. भार दोन्हीवर सारखा पडतो. बाकी काय बी नको." इतके सोपे बोलणे दरबारात पुष्कळ वर्षांत कोणी बोलले नव्हते, त्यामुळे प्रथम कोणास समजलेच नाही. मग पंतांनी विचारले की दोनच का. त्यावर उपाध्ये बोलिले की सम संख्या मंगलकार्यास वर्ज्य, तीन असावेत. त्यावर पूर्व आळीचे मानकरी उठले की आमच्या बाजूचा आकडा मोठा असावा, आणि पश्चिम आळीचे मानकरी उठले की असे जाहले तर आम्ही कुंडाचे पाणी पिणार नाही, जणू पाणी कुंडात त्यांची वाटच पाहात होते. सटवाजींनी परत सांगितले की आकड्यास आळी नसते, भार असतो. परंतु पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडाही तो कोरडाच. दोन प्रहर उलटले, विड्यांचे तबक तीनदा फिरले, आणि पंतांनी निवाडा केला तो ऐसा की आकडे तीन असावेत. मधला थोरला, तो सरकारी. बाजूचे दोन धाकटे, दोन आळींचे, सुताने मापून समान. साखळीचा पहिला मान मधल्याचा. आणि तिन्ही आकडे वरच्या कडेस न लावता बकेटीच्या खालच्या धारेस लावावेत, कारण वर लाविले तर मिरवणुकीत समोरच्या लोकांस दिसणार नाहीत.

हे ऐकोन सटवाजींनी कपाळावर हात मारिला. धारेवर ओझे टांगले म्हणजे बकेट तोंड खाली करू पाहते, आणि एका आकड्यावर सगळा भार आला म्हणजे तो जीव तोडून ओढतो, हे त्यांनी एकदा सांगितले, दोनदा सांगितले, आणि तिसऱ्यांदा सांगू लागले तेव्हा चोपदाराने दंड आपटला. महाराज तेवढ्यात जागे होऊन म्हणाले की शाब्बास, आणि निवाड्यावर मोर्तब जाहले. बारभाईची शेती, काय लागेल हाती, ऐसे पुटपुटत सटवाजी बाहेर पडले आणि थेट गोंदाजी चव्हाणांच्या लोहारशाळेत गेले.

गोंदाजी हे राज्याचे लोहार आणि वेल्डिंगचे कामही तेच पाहात. त्यांनी हुकूमनामा वाचला, परत वाचला, आणि चष्मा काढोन ठेविला. म्हणाले की बकेटीच्या धारेचे लोखंड साधे नव्हे, झिजू नये म्हणोन कारखान्यातच पाणी देऊन कडक केलेले. त्यावर थंडपणी वेल्डिंग मारिले तर ते धरत नाही, आणि धरिले तरी पुढे तडकते. सटवाजी म्हणाले की मग मारूच नका. त्यावर गोंदाजी शांतपणे म्हणाले, "हुकूम हाय, सटवाजी. म्या मोडायचा कसा? पर लोखंडाला हुकूम कळत न्हाई, ते त्याच्या चालीनंच चालतं." मग दोघांनी बसोन मार्ग काढिला की धार आधी चांगली तापवावी, मग आकडे जोडावेत, आणि जोडल्यावर सारी बकेट गरम राखेत पुरोन दुसरे दिवसापर्यंत हळूहळू निवू द्यावी, घाई करू नये, म्हणजे चुकीच्या जागीसुद्धा सांधा निदान आपल्या धर्माने राहील. सटवाजींचा जीव थोडा खाली बसला. घरी गेल्यावर रायाबांनी विचारले की काय ठरले, तेव्हा सटवाजी नुसते म्हणाले की जेव.

सप्तमीस काम जाहले. गोंदाजींनी धार तापविली, ऐसी की थुंकी टाकिली तर नाचावी, आणि तिन्ही आकडे असे जोडिले की सांध्यावरून बोट फिरविले असते तर रेशमी काठासारखे लागले असते, परंतु बोट जळाले असते. मग राखेची टोपली उचलली तोच वाजंत्री ऐकू आली. या राज्यात फार जुना रिवाज ऐसा की कोणतेही नवे लोखंड कामास लागण्यापूर्वी ते शांत करावे लागते. लोखंड अग्नीतून जन्मते म्हणोन ते उग्र, आणि उग्र वस्तू घरात ठेवू नये, म्हणोन त्यावर नारळ फोडोन त्याचे पाणी आणि सात सुवासिनींच्या कलशांचे पाणी ओतावयाचे, ते लोखंड ऊन असतानाच, नाहीतर शांत कशास करावयाचे. विळ्याकोयत्यास हे आजवर निभावले होते, कारण विळ्यावर पंधरा मण कोणी टांगीत नाही. उपाध्ये पुढे, मागे सुवासिनी, त्यांच्या मागे पंत. राजधानीत पिण्यास पाणी नाही, परंतु कलश सात भरलेले, ते वाड्यातल्या साठ्यातून आणविलेले. सटवाजी आडवे जाहले, हात जोडिले, म्हणाले की उद्यापर्यंत थांबा, राखेत राहू द्या. उपाध्ये म्हणाले की मुहूर्त आत्ताचा. गोंदाजी म्हणाले की तडकेल. पंत म्हणाले की देवाच्या पाण्याने काही तडकत नाही. आणि नारळ फुटला, पाणी पडले, आणि छर्र ऐसा आवाज होऊन वाफेचा लोट निघाला तो सुवासिनींच्या भांगापर्यंत गेला, आणि त्या वाफेच्या आत कोठेतरी बारीक टिक् ऐसे वाजले. ते वाजंत्रीत कोणास ऐकू आले नाही. सटवाजींस आले आणि गोंदाजींस आले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पंतांनी लोखंड शांत जाहल्याची नोंद करविली.

मग अष्टमीस सकाळी कुंडाच्या काठी मंडप, महाराजांस गादी, पंतांस खुर्ची, दोन्ही आळींचे मानकरी समान अंतरावर. घागरी घेऊन सारी राजधानी उभी. सटवाजींनी हातोडी घेतली आणि आकड्यांवर एकेक हलकी ठोकली, कारण चांगला सांधा घंटेसारखा वाजतो आणि तडा गेलेला फुटक्या मडक्यासारखा. पूर्व आळीचा वाजला, पश्चिम आळीचा वाजला, सरकारी मात्र मडके निघाला. सटवाजींनी पंतांच्या कानी घातले. पंत म्हणाले की शांत जाहलेले लोखंड शांतच वाजणार, आणि सरकारी आकड्याची निंदा ही सरकारचीच निंदा, जपून बोलावे. धाकट्या दोन आकड्यांस साखळी लावू का, ऐसे विचारिले, तर म्हणाले की पहिला मान मधल्याचा ठरला आहे. सटवाजींच्या नाकी नऊ आले. तीन दिवस हाच माणूस, हीच भिंत, आणि आपलेच डोके. इतक्यात वळोन पाहतात तो रायाबा पहार खांद्यावर टाकोन कुंडाच्या अर्ध्या पायऱ्या उतरोन गेलेले. सटवाजींनी हाक मारिली की वर ये. रायाबा मान वर करोन म्हणाले, "दादा, तू वर हायेस न्हवं? मग मला कशाचं भ्या?" हे बोलणे सटवाजींस ऐसे लागले की पंतांचे तीन दिवसांचे बोलणे त्यापुढे काहीच नव्हे. आपल्यावर भरवसा टाकोन माणूस खाली उतरतो आहे, आणि आपण वर बसोन एका तडकलेल्या आकड्यास मान देणार, हे त्यांस सोसवेना.

मग सटवाजींनी जन्मात न केलेली गोष्ट केली, ती म्हणजे गोड बोलले. महाराजांपुढे जाऊन मुजरा करोन म्हणाले, "सरकार, नव्या आकड्यावर पयला मान चिखलातल्या धोंड्याला द्यायचा का? दरवाज्यात थोरली तोफ हाय की आपली." मग मंडपात जो कल्लोळ उठला तो विचारू नये. पूर्व आळी म्हणे की तोफेचाच मान, पश्चिम आळी म्हणे की अर्थात तोफेचाच, आणि राज्याच्या इतिहासात दोन आळींचे एका गोष्टीवर प्रथमच जमले. पंतांस हे आपल्यास का सुचले नाही याचेच वाईट वाटले, म्हणोन त्यांनी ते आपणच सुचविले ऐसे लिहवून घेतले. तोफ वजने धोंड्याइतकीच, किंबहुना मणभर अधिक, हे सटवाजींस ठाऊक होते, परंतु त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. रायाबांस वर बोलाविले, माणसे दूर केली, ती तोफेच्या मानास जागा हवी या सबबीवर, तोफ दरवाज्यातून ओढोन मंडपात पंतांच्या खुर्चीशेजारी आणविली, आणि तीस साखळी घालोन ती सरकारी आकड्यास अडकविली. हार कोणी घालावा यावरून दोन आळींत परत जुंपली, पंत खुर्ची सोडोन ते मिटवावयास गेले, आणि सटवाजींनी लिव्हर ओढिला. तोफ पुरुषभर वर गेली. वाजंत्री लागली. बकेटीने तोंड खाली केले, साखळी करकरली, आणि मग टक्क ऐसा एकच आवाज होऊन सरकारी आकडा धारेपासून सुटला आणि तोफ तोंडावर खाली आली, ती नेमकी पंतांच्या खुर्चीवर. खुर्ची राहिली नाही. तोफ तोंडाकडून हातभर जमिनीत रुतली आणि तशीच उभी राहिली, आणि वाजंत्रीवाल्यांस थांबावे की वाजवावे हे कळेना म्हणोन सनई एकटीच थोडा वेळ वाजत राहिली.

सटवाजी खाली उतरले आणि तुटलेला आकडा उचलोन पंतांच्या पुढे धरिला. सांधा अर्धा काळपट, तो कालच तडकलेला, आणि अर्धा लखलखीत, तो आत्ता तुटलेला. आंधळ्यासही बोटाने कळावे ऐसे. पंत काहीतरी बोलणार होते. सटवाजी म्हणाले, "पंत, याच्याखाली माझा रायाबा असता." आवाज चढविला नाही, परंतु डोळ्यांत पाणी आले होते ते पुसले नाही, आणि पंतांनी प्रथमच मान खाली घातली, तीही तुटक्या खुर्चीकडे पाहण्यासाठी की कशासाठी, हे सांगता येत नाही.

आता तोफ पडली, तेव्हा ती पडली ऐसे दप्तरात कसे लिहावे हा मोठा पेच उभा राहिला. तोफ शत्रूपुढे पडली नाही, आपल्याच मंडपात पडली. पडली म्हणावे तर अपशकुन, उतरली म्हणावे तर कोणाच्या हुकमाने. म्हणोन दरबार बसला तो अष्टमीचा सारा दिवस आणि नवमीचाही बसला. आणि दरबार बसला म्हणोन सटवाजींस अडवावयास कोणी मोकळे राहिले नाही. गोंदाजींनी उरलेले दोन आकडे कापोन काढिले, धार साफ केली, आणि बकेटीच्या वरच्या कडेस दोन टोकांस, जाड पट्टी खाली घालोन, दोन आकडे जोडिले. कोणास दिसोत वा न दिसोत. वरचे लोखंड मवाळ, त्यास राखेची तितकी गरज नव्हती, तरी कानास खडा लाविलेल्या सटवाजींनी बकेट गरम राखेत पुरविली आणि स्वतः हातोडी घेऊन त्या ढिगाशेजारी बसले, जेवणही तेथेच मागविले. उपाध्ये नारळ घेऊन आलेच. सटवाजींनी त्यांस पाटावर बसविले, पाणी विचारिले, मग पाणी नसल्याचे आठवोन गूळ दिला, आणि म्हणाले की लोखंडाचे शांत करणे राखेकडे सोपविले आहे, आपण नारळ मागच्या चाकापुढे फोडावा. उपाध्यांनी हातोडीकडे पाहिले, ट्रॅक्टराकडे पाहिले, आणि चाकापुढे फोडला. खोबरे सर्वांस वाटले.

दशमीस सकाळी सटवाजींनी आकड्यांवर ठोकोन पाहिले, दोन्ही घंटेसारखे वाजले. एवढ्यावर त्यांनी भरवसा ठेविला नाही. ट्रॅक्टर मंडपाकडे नेला, रुतलेल्या तोफेस दोन्ही आकड्यांवरून साखळी घातली आणि ती मुळ्यासारखी उपटोन वर धरिली, आणि एक विडा सावकाश चघळोन होईपर्यंत तशीच लटकत ठेविली. मग तोफ जागेवर ठेवोन कुंडावर आले. रायाबा पहार घेऊन खाली गेले. साखळी ताणली, दोन्ही आकड्यांनी भार सारखा वाटोन घेतला, धोंडा चिखलातून चपकन सुटला आणि वर येऊ लागला, एक हात, दोन हात, आणि खालून झऱ्याने उसळी मारिली तिचा आवाज काठावरच्या बायकांस ऐकू आला. आता माणसाने बाजूस व्हावे की नाही? रायाबा धोंड्याच्या खालीच ओणवे जाहले आणि ओंजळ झऱ्यात घालोन पाणी कसे येते ते पाहात बसले. डोक्यावर पंधरा मण. सटवाजींच्या तोंडून जी वचने निघाली ती या बखरीत लिहिता येत नाहीत. एवढेच लिहितो की रायाबा बाजूस जाहले, धोंडा वर आला, काठापलीकडे टेकला, आणि ट्रॅक्टर बंद जाहला.

रायाबा भिजलेले पायऱ्या चढोन वर आले आणि म्हणाले की दादा, पाणी गोड आहे. सटवाजींनी त्यांस साऱ्या राजधानीदेखत एक थोबाडीत ठेवोन दिली, आणि लगेच दोन्ही हातांनी असे छातीशी धरिले की रायाबांस श्वास घेता येईना. कोण कोणास धरोन उभा आहे हे दुरून कळत नव्हते. मग म्हणाले, "जेवला का?" बायका एकेक करोन घागरी घेऊन खाली उतरल्या.

येणेप्रमाणे हकीकत पुरी जाहली. सरकारी दप्तरात या प्रकरणी दोनच गोष्टी नोंदल्या आहेत: एक, थोरली तोफ भूमातेच्या दर्शनास स्वेच्छेने गेली आणि परत आली, दुसरी, कारभारी त्रिंबकपंत यांच्या अकलेने कुंडास पाणी आले, सबब त्यांस नवी खुर्ची. रायाबा ढमाले म्हणोन कोणी इसम त्या धोंड्याखाली दोनदा उभा होता आणि आज जिवंत आहे, हे कोणत्याच कागदावर नाही, कारण न मेलेल्या माणसाची नोंद करण्याची या राज्यात चाल नाही. म्हणोन येथे लिहिले.